दाढेतला निळा प्रकाश आणि इन्फ्रारेडची वाट

सोलापुरात सात रस्त्याच्या परिसरात दाढेत सिमेंट भरून घेतलेल्या अनेकांनी पाहिले असेल, की डॉक्टर पोकळीत मऊ रेझिन भरतात, त्यावर काही सेकंद निळा प्रकाश धरतात आणि ते टणक होते. पोकळी खोल असेल, तर सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी हेच पुन्हा करावे लागते, कारण निळा प्रकाश रेझिनमध्ये फार खोल उतरत नाही.

हे टणक होणे म्हणजे पॉलिमरायझेशन. रेझिनमधील कॅम्फरक्विनोन सुमारे 468 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषून रेणूंची साखळी जोडण्यास सुरुवात करून देते. त्याआधी, 1970च्या दशकात, दंतवैद्य यासाठी अतिनील दिवे वापरत. त्यांचा प्रकाश तर आणखी उथळ ठरे. इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, खोलवर पोहोचतो, पण त्याच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, ही क्रिया सुरू करण्याइतकी ऊर्जा नसते.

या अडचणीचे उत्तर रसायनशास्त्राबाहेर तयार होत होते. इन्फ्रारेड ओळखण्याच्या प्रयत्नात निकोलास ब्लूमबर्गन यांनी 1959 मध्ये एकाच आयनाने (विद्युतभारित अणूने) लागोपाठ फोटॉन शोषण्याची कल्पना मांडली आणि 1966 मध्ये फ्रान्स्वा ओझेल यांनी इटर्बियम हे दुर्मिळ मृदा गटातले मूलद्रव्य आपली ऊर्जा त्याच गटातल्या शेजारच्या अर्बियम किंवा थुलियमला देते, हे दाखवले. इटर्बियम 980 नॅनोमीटरचे फोटॉन टिपत राहतो, थुलियम ती ऊर्जा पायरीपायरीने साठवतो आणि निळा किंवा अतिनील प्रकाश सोडतो. मधल्या पायऱ्यांवर ऊर्जा काही काळ टिकून राहते, म्हणून येथे साधा अखंड लेसर पुरतो. एका क्षणी दोन फोटॉन शोषून घेणाऱ्या 1997 मधील जपानी पद्धतीला मात्र अतिसूक्ष्म स्पंदांचा लेसर लागत असे. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे.

इन्फ्रारेडचा असा निळा किंवा अतिनील प्रकाश करणारे आणि द्रवात विखुरणारे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, 2000 नंतर हाती आले. 2012 मध्ये ते दंतोपचाराच्या रेझिनमध्ये मिसळून पाहण्यात आले आणि 2020 मध्ये चीनमधील संशोधकांनी उंदराच्या त्वचेखाली असे कण असलेले द्रावण टोचून, बाहेरून 980 नॅनोमीटरचा प्रकाश टाकून, कोठेही चीर न देता कानाच्या आकाराची रचना घडवली.

रूपांतरात बरीचशी ऊर्जा वाया जाते, म्हणून तीव्र लेसर लागतो. शिवाय 980 नॅनोमीटरच्या आसपास पाणीही प्रकाश शोषून तापते, आणि दाढेच्या नसेजवळ किंवा जिवंत ऊतीत ही उष्णता परवडणारी नाही. म्हणूनच कणांत निओडिमियम हे आणखी एक मूलद्रव्य घालून, पाणी फारसे शोषत नाही अशा 808 नॅनोमीटरच्या प्रकाशावर काम पुढे सरकले.