वाँडरर्सनी पहिला एफए कप सगळे सामने जिंकून नेला? नाही

इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेबद्दल, म्हणजे पहिल्या एफए कपबद्दल (1871-72), एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे विजेता वाँडरर्स संघ प्रत्येक फेरीत कुणाला तरी हरवूनच अंतिम सामन्यात पोचला असणार. तसं झालेलं नाही.

पहिल्या फेरीत हॅरो चेकर्सनी माघार घेतली. दुसरीत क्लॅपहम रोव्हर्सवर विजय, आणि अंतिम सामन्याआधीचा हा एकमेव विजय. पुढे क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी झाली आणि दोन्ही संघ पुढे गेले, कारण नियमच तसा होता.

उपांत्य फेरी तर मुळातून समजून घ्यावी अशी. समोर ग्लासगोचा क्वीन्स पार्क. माघार आणि पुढे चाल यांमुळे एकही सामना न खेळता ते इथवर आले होते. लंडनच्या ओव्हल मैदानावर गोलशून्य बरोबरी झाली. फेरसामन्यासाठी लंडनला थांबणं किंवा पुन्हा येणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून ते बाहेर पडले. मैदानात त्यांना कुणी हरवलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं.

16 मार्च 1872 ला त्याच ओव्हलवर रॉयल इंजिनिअर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात वाँडरर्सच्या मॉर्टन बेट्सनं एकमेव गोल केला. तो ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावानं खेळत होता, कारण तो माघार घेतलेल्या हॅरो चेकर्सचाच खेळाडू! इंजिनिअर्सच्या क्रेसवेलचं गळ्याजवळचं हाड सुरुवातीलाच मोडलं, तरी तो शेवटपर्यंत मैदानात राहिला. बदली खेळाडू तेव्हा नव्हतेच.