ईसीजीची पहिली पट्टी गावाजवळच निघावी: ग्रामीण विदर्भातील हृदयविकार-निदानाची पार्श्वभूमी

"रातीपासून छातीत कळ येऊन राह्यली, गॅस असन." विदर्भातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत हे वाक्य ऐकू येतं. अनेकदा तो खरंच गॅस असतो. पण हृदयविकाराच्या निदानातला सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात मोठा पेच याच वाक्यात आहे.

१७६८ साली लंडनच्या विल्यम हेबरडेन यांनी या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या हाती एकही यंत्र नव्हतं. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबलं की दुखणं जातं, एवढं त्यांनी रुग्णांना विचारून टिपलं होतं. आजही पहिला प्रश्न हाच. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघालं की छाती भरते का? धुऱ्यावर दोन मिनिटं टेकलं की बरं वाटतं का? 'हो' म्हणणाऱ्याला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नये. मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर अनेकदा कळही येत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. कधी पोटाच्या वरच्या भागात दुखून उलट्या होतात आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका अपचन म्हणून निघून जातो.

१८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. आपल्याकडे या नळीने सर्वांत मोलाचं काम केलं ते संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांच्या बाबतीत. लहानपणी घसा दुखतो, मग सांधे सुजतात, बरेही होतात आणि घरचे ते विसरून जातात. पुढे पंचविशीतली बाई गरोदरपणी धापा टाकत येते, तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसलेली सापडते. अशा झडपेचा आवाज फार हलका असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची घंटेची बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवायची आणि शेजारची बडबड थांबवून ऐकायचं, तेव्हा तो घरघरता आवाज मिळतो. गर्दीच्या ओपीडीत कपड्यांवरूनच छाती तपासली की तो हमखास सुटतो. संधिवाताच्या तापाच्या निदानाचे निकष डकेट जोन्स यांनी १९४४ साली मांडले. २०१५ च्या सुधारणेत, कानाला न कळणारा पण इकोवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीत, दिसणारा झडपेचा दाहही त्यात धरला गेला. निदान वेळेत झालं, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झडप आणखी बिघडण्यापासून वाचवता येते.

मात्र असा जादा आवाज, म्हणजे मरमर, ऐकू आली म्हणजे झडपच खराब, असं नाही. रक्त फार कमी झालं तरी मरमर येते, छाती धडधडते, दम लागतो, पायावर सूज चढते. विदर्भात यात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, भर पडते. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ साली. इथल्या डॉक्टरने हृदयाची तपासणी हिमोग्लोबिनपासून सुरू करावी, असं मला ठामपणे वाटतं.

रक्तदाब मोजायचा पट्टा रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला आणि कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. दोन्ही आज उपकेंद्रापर्यंत पोचलेत.

खरा पल्ला गाठला तो ईसीजीने, म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद पट्टीवर उमटवणाऱ्या तपासणीने. लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं यंत्र पावणेतीनशे किलोंच्या घरात होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. ते रुग्णालयात नेणं अशक्य, आणि रुग्णांना प्रयोगशाळेत आणणंही अवघड. म्हणून १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत नोंदवले. आज गडचिरोलीतल्या एटापल्लीचा किंवा मेळघाटातल्या धारणीचा मेडिकल ऑफिसर पट्टीचा फोटो काढून मोठ्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवतो, त्या पद्धतीचं मूळ इतकं जुनं आहे.

ही पट्टी काढण्यातही कसब लागतं. छातीवरचा चौथा इलेक्ट्रोड पाचव्या फासळीखालच्या जागेत, हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) मध्याच्या सरळ रेषेत बसला पाहिजे. तो एक फासळी वर सरकला की चित्र बदलतं. अर्थिंग नीट नसेल तर पट्टीवर बारीक थरथर उमटते, मग सिस्टर यंत्र बॅटरीवर घेतात. आणखी एक गोष्ट म्हणजे हा कागद उष्णतेवर चालणारा आहे. वैदर्भीय उन्हाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पट्टीवरची रेघ उडते आणि पुढच्या वेळी ताडून पाहायला जुनी पट्टी उरत नाही. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढलेली बरी.

पुढची यंत्रं मोठ्या शहरांतच राहिली. लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं, तर मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून अँजिओग्राफी केली. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नागपूरला १९४७ मध्ये आलं. सेवाग्रामचं महाविद्यालय १९६९ चं, यवतमाळचं १९८९ चं. गडचिरोलीला ते मिळायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, राजीव गांधी जीवनदायी योजना आली. तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. अँजिओप्लास्टीचा (तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याचा) आणि झडपेच्या ऑपरेशनचा खर्च त्यामुळे अनेक घरांवरून उतरला, हे मोठंच काम झालं. पण योजनेचा लाभ निदान झाल्यावरच मिळतो, आणि आपलं घोडं निदानापाशीच अडतं.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी आता तालुक्यालाही होते, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. झटका आल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ती निगेटिव्ह येऊ शकते. पहिला ईसीजीही साधा असू शकतो. कळ चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढायची, काही तासांनी रक्त पुन्हा तपासायचं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा" हे वाक्य एका तपासणीवर बोलायचं नसतं.

१९८६ मध्ये इटलीतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज वेळेत दिलं तर झटक्याच्या रुग्णांचे प्राण वाचतात, आणि जितक्या लवकर द्यावं तितका फायदा जास्त. आजचा नियम असा, की रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, आणि त्यात मोठा झटका दिसल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर मनाई करणारं कारण नाही हे पाहून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या भामरागडहून नुसतं गडचिरोली शहरच दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, नागपूर त्याहून कितीतरी लांब. तिथल्या रुग्णासाठी ते इंजेक्शन, ते द्यायला शिकलेला डॉक्टर आणि चालू स्थितीतलं ईसीजी यंत्र भामरागडच्याच रुग्णालयात असायला हवं, रात्री दोन वाजतासुद्धा.