ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे

अमेरिकी कंट्री संगीतातील गाजलेले प्रेमगीत. रचना बॉबी ब्रॅडॉक व कर्ली पुटमन यांची, गायक जॉर्ज जोन्स, निर्माता बिली शेरिल. एपिक कंपनीने एप्रिल १९८० मध्ये त्याची तबकडी काढली. जुलैत ते बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले.

गाणे सांगतो तो नायकाचा परिचित. नायकाने प्रेयसीला मरेपर्यंत प्रेम करीन म्हणून सांगितलेले असते. ती म्हणते, विसरशील कालांतराने. तो विसरत नाही. तिचा फोटो भिंतीवर राहतो. उशाशी १९६२ सालची पत्रे आहेत आणि त्यांत जिथे जिथे प्रेमाची कबुली आहे, तिथे त्याने लाल रेघ ओढली आहे. मग परिचित सांगतो: आज त्याला पाहिले, डोळ्यांत पाणी नव्हते, जायच्या तयारीने नटला होता, कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू होते. पुढच्याच ओळीला धृपद येते, आज त्याचे प्रेम थांबले म्हणून. दाराला पुष्पचक्र लावल्याचे ऐकले की सगळा उलगडा होतो. तो मेला असे कुठेही न म्हणता मृत्यू सांगण्याची ही हातोटी हेच गाण्याचे खरे बळ.

जोन्सला मात्र ते पसंत नव्हते. इतके सुतकी गाणे विकत कोण घेणार, असे त्याचे म्हणणे. त्या काळात तो दारू आणि कोकेनच्या आहारी गेला होता. गायिका टॅमी विनेटशी १९७५ मध्ये घटस्फोट झालेला, आणि कार्यक्रमांना दांड्या मारल्यामुळे ‘नो शो जोन्स’ हे नाव चिकटलेले. ध्वनिमुद्रण फार रखडले. गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनच्या एका गाण्याची चाल जोन्सच्या तोंडी येत राही. त्याहून अवघड ठरला तो अखेरचा, प्रेयसी अंत्यदर्शनाला येते तो भाग. तो गायचा नसून बोलायचा आहे. नशेतही जोन्सचा गाता आवाज शाबूत असे, पण बोलताना जीभ जड होई, असे शेरिल सांगत असे.

या गाण्यासाठी जोन्सला ग्रॅमी मिळाले. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला सर्वोत्कृष्ट गीत ठरवले, हे क्वचितच घडते. चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या गाण्याने सावरली, असे जोन्सने पुढे आत्मचरित्रात लिहिले. २०१३ मध्ये नॅशव्हिलला त्याच्या अंत्यविधीत अ‍ॅलन जॅक्सनने हेच गाणे म्हटले.