टोमॅटोची पानं पिवळी पडताहेत? खत घालण्याआधी हे बघा

पान पिवळं दिसलं की बहुतेक जण आधी खताची पिशवी उघडतात. थोडं थांबा. पिवळेपणा खालून सुरू झाला की शेंड्याकडून, हे पाहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

मातीलगतची एक-दोन जुनी पानं पिवळी होणं नेहमीचंच; ती कापून टाका. खालून वर अख्खी पानं फिकी पडत चालली असतील तर झाडाला नत्र (नायट्रोजन) मिळत नाही. पण नत्र मातीत नाही, की असूनही मुळं ते घेत नाहीत? बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती चिकचिकीत लागली तर दोष पाण्याचा. ओल्यागच्च मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात. वर खत टाकलं तर उरलीसुरलीही जळतात. कुंडीखालची ताटली काढा, बुडाची भोकं काडीने मोकळी करा आणि वरची दोन पेरं माती सुकल्यावरच पाणी द्या. ओल बेताची असेल तर 12 इंची कुंडीला दर 15 दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरे.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं जुन्या पानांवर दिसलं तर मॅग्नेशियम कमी आहे. राख सढळ हाताने घातली की असं होतं, कारण राखेतलं जादा पालाश (पोटॅश) मॅग्नेशियमची वाट अडवतं. राख बंद करा. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. हीच खूण कोवळ्या पानांवर असेल तर लोह कमी. चुनखडीची माती किंवा बोअरचं जड पाणी असेल तिथे हे जास्त. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) 1 लिटरला अर्धा ग्रॅम फवारा.

तपकिरी डाग, त्यात एकात एक वलयं, भोवती पिवळी कड: हा करपा, बुरशीचा रोग. अशी पानं कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको.

शेंड्याची पानं बारीक, वर वळलेली, कडेने पिवळी आणि झाड खुरटलेलं असेल तर तो बोकड्या. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. जीव होत नाही, तरी झाड काढाच. आधी पिशवीत झाका, मग उपटा, म्हणजे माश्या शेजारच्या कुंडीवर जाणार नाहीत. बाकीच्या झाडांजवळ शेंड्याच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावा.

पिवळं झालेलं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते नव्या पानांवर बघा. शंका राहिली तर एक खालचं आणि एक शेंड्याचं पान बंद पिशवीत घालून रोपवाटिकेत घेऊन या.