आईचा सरकता जिना आणि पीटरचा ससा

स्टेशनवरच्या सरकत्या जिन्यापाशी आली की आई एका हाताने निऱ्या उचलायची, पाय पुढे करायची, पायरी वर निघाली की पाय परत मागे. मागून कोणी "काकू चला ना" म्हटलं की झालंच, वळायची साध्या जिन्याकडे, गुडघे दुखत असूनसुद्धा.

मला वाटायचं होईल सवय हळूहळू, पण वर्षभर टाळून टाळून भीती उलट वाढली. कारण वळल्या वळल्या धडधड थांबते, बरं वाटतं, आणि मेंदू त्याचं श्रेय देतो वळण्याला, "पडलेच असते" हा अंदाज चुकीचा ठरायला संधीच मिळत नाही. कम्फर्ट झोन म्हणतो ना आपण, तो असाच आकसत जातो.

याच्यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो, १९२४ सालचा, अमेरिकेतला. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, सशाला जाम घाबरायचा, फरचा कोट आणि कापूससुद्धा नको असायचा त्याला. बाईंनी जबरदस्ती अजिबात केली नाही. त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा, ससा पिंजऱ्यात, तोही लांब, आणि मग तो रडणार नाही इतपतच रोज थोडा जवळ. ससा आवडणारी मुलंही सोबत खेळायला असायची. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं कुरतडू देत होता!

मध्येच एक गोष्ट घडली, तो आजारी पडून दोन महिने हॉस्पिटलमध्ये होता आणि घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, तर सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी "काही होत नाही" अशी नवी आठवण तयार होते आणि मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तिच्या मदतीने अमिग्डलाला, म्हणजे भीतीचा गजर वाजवणाऱ्या मेंदूच्या भागाला, आवरतो असं आता मानतात. ही नवी आठवण जागेला फार चिकटलेली असते, एका ठिकाणी जमलं म्हणजे सगळीकडे जमेलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी सराव लागतो.

आम्ही तेच केलं. पहिल्या दिवशी नुसतं बाजूला उभं राहून माणसं कशी चढतात ते बघितलं, दुसऱ्यांदा रविवारी सकाळी, गर्दी नसताना, आईने माझा दंड धरून पाय टाकला. वर पोचल्यावर म्हणाली, "अगं, आपोआपच उतरवतो की हा." मग मॉलमधला केला, मग दुसऱ्या स्टेशनवरचा, तिथे परत पहिल्याइतकीच घाबरली पण चढली.

उतरायचा जिना अजून बाकी आहे. वरून खाली बघितलं की ती थबकते, मग आम्ही दोघी कठड्याला टेकून पाच मिनिटं बघत उभ्या राहतो.