भिंतीला ओल आहे? रंगाआधी हे वाचा

‘रंगाचा भाव फोनवरच सांगा’ असा आग्रह बरेच ग्राहक धरतात. प्रत्यक्ष गेल्यावर भिंतीला पोपडे आणि खार, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, दिसतो. अशा भिंतीला आम्ही रंग लावत नाही. आतून पाणी येतच राहते, खार फुटतो आणि पुट्टीसकट रंग सुटतो. मग खरवडण्यापासून सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते.

आम्हाला बोलावण्याआधी एवढे पाहून ठेवा. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल, तर बहुधा दोष गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बारा महिने राहत असेल, तर पाइप, बाथरूम किंवा तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल. पाइपचा संशय असल्यास रात्री मोटर आणि सगळे नळ बंद करून टाकीत पातळीची खूण करा. सकाळी पाणी उतरलेले दिसले, तर आधी प्लंबर लागेल.

गच्ची बहुतेकदा मधोमध गळत नाही. ती कठड्याच्या सांध्यात आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी गळते. म्हणून आम्ही सांधा फोडून गोला (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) करतो, जाळी घालून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात देतो आणि ते कठड्यावर फूटभर चढवतो. मग पाइपचे तोंड बुजवून दोन इंच पाणी ४८ तास साठवतो आणि खालचे छत तपासतो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या लाकडी तुळयांच्या जुन्या घरांत मात्र ही चाचणी करत नाही. एवढ्या पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो होते. तिथल्या चुन्यातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावाही सुचवत नाही, त्याने ओल आत कोंडते.

दुसरीकडचा भाव कमी वाटला, तर त्यात सांधा, जाळी, दोन हात, मलबा उचलणे आणि पाण्याची चाचणी धरली आहे का, ते लेखी मागा. आमच्या अंदाजपत्रकात या ओळी वेगवेगळ्या असतात. पाहणीचे पैसे घेतो, पण काम दिल्यास ते बिलातून वजा होतात. सामान तुम्ही आणलेत तरी चालेल, फक्त डबे सीलबंद हवेत.

कोटिंगला कोरडा पृष्ठभाग लागतो. वडोदऱ्यात जूनच्या मध्यानंतर तो मिळेलच असे नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कळवा. रंग दिवाळीआधी हवा असेल, तर भिंतीवर दोन फुटी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. आत दव जमले, तर थांबा. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या.

वार्षिक करारात मे महिन्यात आणि नवरात्रानंतर अशा दोन फेऱ्या असतात. पाइपची तोंडे साफ करणे आणि बारीक भेगा भरणे त्यातच येते.