ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक पील: चेहरा पांढरा पडला तर?

पील म्हणजे चेहऱ्यावर ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक, दोन्ही पील वरवरची. दोन्हींत चेहरा चुरचुरतो, नंतर तीन-चार दिवस कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. त्यामुळे ‘कुठलंही करा, एकच’ असं सर्रास सांगितलं जातं. पण पील सुरू असताना चेहरा पांढरा दिसू लागला, तर सॅलिसिलिकमध्ये ते ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं, ग्लायकोलिकमध्ये मात्र त्वचा भाजत असते.

सॅलिसिलिक ॲसिड साधारण 20 ते 30 टक्के, बहुतेकदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं आणि ॲसिडचे स्फटिक पिठासारखे वर उरतात. ही पांढरी पूड ओल्या गॉझने पुसली जाते. द्रव उडाला की ॲसिडचं आत शिरणंही जवळपास थांबतं, म्हणून 3 ते 5 मिनिटांनी साध्या पाण्याने धुतलं की पुरतं.

ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही. त्याचा रेणू लहान, त्यामुळे ते झरझर आत जातं. घड्याळ लावून, बहुधा 1 ते 5 मिनिटांत, सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण किंवा भरपूर पाणी वापरून ते थांबवावं लागतं. एकसारखी लाली आली की वेळ उरला असला तरी थांबायचं. एखादा ठिपका पांढरट-करडा झाला तर तिथलं ॲसिड लगेच, सगळ्यात आधी थांबवायचं. नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे इथे ॲसिड साचतं, म्हणून तिथे आधीच व्हॅसलिन हवं. चेहरा स्पिरिटने नीट पुसला नसेल तर तेलकट भागात ॲसिड नीट शिरत नाही आणि बाकीचा भाग ते जास्त शोषतो.

बाटलीवरचा आकडाही फसवा. 70 टक्के ग्लायकोलिकचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) 1च्या खाली असेल तर ते जहाल. तेच अर्धवट उदासीन करून पीएच 3वर आणलं तर बरंच सौम्य. टक्के विचारताना पीएचही विचारावा.

निवड तशी सोपी आहे. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रांत उतरतं: मुरुमं, ब्लॅकहेड्स, तेलकट त्वचेसाठी तेच. वांग, उन्हाचे डाग, खरखरीतपणा यांना ग्लायकोलिक, तेही वांग परत येतो हे गृहीत धरून. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर सॅलिसिलिक नको. चेहरा, पाठ, छाती एकाच बैठकीत उरकण्याचा मोहही टाळावा: सॅलिसिलिक रक्तात उतरून कानात गुणगुण आणि चक्कर येऊ शकते.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जराशी भाजही महिनोन्‌महिने काळा डाग ठेवते. म्हणून आधी 2 ते 4 आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावून त्वचा तयार करायची, सुरुवात कमी टक्क्यांनी करायची आणि दोन पीलमध्ये 2 ते 4 आठवडे जाऊ द्यायचे. आधीच्या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच बंद. रेटिनॉल काही दिवस आधी थांबवायचं. आणि सुटणारे पापुद्रे नखाने ओढायचे नाहीत. बरेचसे डाग तिथूनच उठतात, ॲसिडाला उगाच बोल लागतो.